वितळणारी तार

सुरत शहराचे नाव जरीने सर्वत्र नेले. धातूची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करावी, ही तेथील कारागिरांची पिढीजात विद्या. आज त्याच शहरात अनेक कुटुंबांचे क्षेम आणखी एका बारीक तारेवर अवलंबून आहे. विजेच्या सायकलीच्या बॅटरीला जोडलेला फ्यूज, ती ही तार.

उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. रात्रपाळी आटोपून कामगार पहाटे घरी येतो आणि बॅटरी दाराशीच चार्जिंगला लावतो. आत मुले निजलेली असतात. सुरतेला आगीचे दुःख ठाऊक आहे. 24 मे 2019 रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत 22 विद्यार्थ्यांचे प्राण गेले. ती आग बॅटरीची नव्हती. पण बाहेर पडण्याची वाट बंद झाली म्हणजे काय होते, हे तिने सर्वांस दाखविले.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला की त्याने स्वतः वितळावे आणि पुढील तारा वाचवाव्यात. म्हणून तो निवडताना प्रथम तारेची शक्ती पाहावी. सायकलीचा कंट्रोलर जास्तीत जास्त 15 अँपिअर प्रवाह घेत असेल, तर 20 अँपिअरचा फ्यूज साधारणपणे योग्य ठरतो; मात्र तारेची क्षमता 20 अँपिअरहून अधिक हवी. तार त्याहून बारीक असेल, तर फ्यूज शाबूत राहील आणि तारच पेटेल.

दुसरा आकडा व्होल्टचा. त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. 48 व्होल्टची म्हणून विकली जाणारी 13 घटांची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर 54.6 व्होल्टपर्यंत जाते. मोटारीतील साधा चपटा फ्यूज बहुधा 32 व्होल्टपुरताच असतो. काचेच्या नळीवर 250 हा आकडा दिसला, तरी तो पुष्कळदा घरातील विजेपुरताच खरा असतो. घरातील प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटलेल्या तारेतील ठिणगी विझण्यास मदत होते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहतो. तेथे ठिणगी विझत नाही, तार वितळल्यावरही ती पेटती राहू शकते. म्हणून फ्यूजवर ‘डी.सी.’ ही अक्षरे आणि बॅटरीच्या पूर्ण दाबाहून मोठा आकडा असलाच पाहिजे. शॉर्ट होताच बॅटरीतून शेकडो अँपिअर धावू शकतात. तेवढा प्रवाह तोडण्याची त्याची क्षमताही विचारून घ्यावी.

फ्यूज होल्डरची निवडही तितक्याच काळजीने करावी. त्याची क्षमता फ्यूजहून कमी नसावी. पकड ढिली झाली की तेथेच उष्णता साचते आणि प्लास्टिक मऊ पडते. पावसाळ्यात पाणी शिरू न देणारे झाकण हवे. बॅटरीच्या धन टोकापासून होल्डर जितका जवळ तितका बरा, कारण त्या दोहोंमधील तारेला कसलेच संरक्षण नसते.

घरातील फ्यूज उडाला की जाड तार बांधून दिवा लावण्याची सवय जुनी आहे. सायकलीच्या होल्डरात सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद कोंबणे हे त्याच सवयीचे धाकटे भावंड. फ्यूज जळाला, तर आधी कारण शोधावे आणि मग त्याच जातीचा नवा बसवावा. बॅटरीच्या पोटात एखाद्या घटातच दोष उद्भवला, तर फ्यूजही काही करू शकत नाही. तेव्हा फुगलेली वा पाण्यात भिजलेली बॅटरी चार्ज करू नये, आणि चांगली बॅटरीही घरातील माणसे जागी असतानाच, दारापासून दूर ठेवून चार्ज करावी. संकटसमयी निजलेल्या मुलांना बाहेर पडण्यास तेवढे एकच दार असते.