गर्द, भावना आणि निर्णय
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पंचशीलातले पाचवे शील आपण नेहमी म्हणतो. त्यामुळे नशा वाईट आहे, हे येथे कोणाला पटवून देण्याची गरज नाही. खरे तर गर्द ओढणाऱ्या मुलालाही ते पटवून देण्याची गरज नसते. आईचे मंगळसूत्र विकले गेले, नोकरी गेली, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलेले असते. मग कळत असूनही तो पुडीकडेच का वळतो? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे.

अफू आपल्याला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देऊन झोपवीत असत. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या 1931 च्या अहवालातही या प्रथेची नोंद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. मूल सांभाळायला घरात कोणी नव्हते आणि पाळी चुकली तर चूल पेटत नव्हती. याच अफूपासून मॉर्फिन होते, मॉर्फिनपासून हेरॉइन, आणि हेरॉइनचे अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर, आपल्याकडचे 'गर्द'. 1980 नंतरच्या काळात ते मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरले. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. ही मुंबई-पुण्याची भानगड, असे म्हणून कोल्हापूरकरांनी निर्धास्त राहू नये. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामक गोळी तर 2018 साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली. ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण समजतो की निर्णय डोक्याने घेतले जातात. पण आपली भाषाच वेगळे सांगते. धोका दिसला की पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते. अमेरिकेतील आयोवा येथे बेचारा, डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये पत्त्यांच्या खेळातून याचा शोध घेतला. पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. दोन गठ्ठ्यांत दर पानाला 100 डॉलर मिळत, पण मधूनच मोठा दंड बसे. दहा पानांमागे 250 डॉलर खड्ड्यात. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत दर पानाला फक्त 50 मिळत, पण दंड लहान असल्याने दहा पानांमागे 250 शिल्लक राही. पैसे अर्थात खेळातलेच. पुढे असे दिसले की, निरोगी माणसाला कोणता गठ्ठा वाईट हे सांगता येण्यापूर्वीच, त्या गठ्ठ्याकडे हात नेताना त्याच्या तळव्याला घाम येऊ लागतो. मेंदूच्या पुढच्या भागाला विशिष्ट इजा झालेल्यांना तो घाम येत नाही आणि ते हरतच जातात.

अफूवर्गीय नशा करणाऱ्यांना हा खेळ दिला, तेव्हा अनेक अभ्यासांत तेही वाईट गठ्ठ्यांकडेच अधिक वळलेले दिसले. सगळेच नव्हे, पण पुष्कळ. त्यांची हिशेबाची बुद्धी शाबूत असते. जे धस्स व्हायला हवे ते पुरेसे होत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. अफू अंगाचे दुखणे बुजवते, तशीच मनाची टोचणीही बुजवते.

दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. 1998 साली पेट्री, बिकल आणि अर्नेट यांनी हेरॉइन घेणाऱ्यांना एक गोष्ट पुरी करायला दिली: एक माणूस सकाळी उठतो आणि आपल्या भविष्याचा विचार करू लागतो. इतरांच्या गोष्टीतले भविष्य सरासरी 4.7 वर्षांचे होते. हेरॉइन घेणाऱ्यांचे 9 दिवसांचे! विद्यार्थी मित्रहो, ज्याचे भविष्य नऊ दिवसांत संपते त्याला "दहा वर्षांनी तुझे काय होईल?" असे विचारणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग घरातले लोक शपथ घ्यायला लावतात. आईच्या डोक्यावर हात ठेवून, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे करून. मुलगा रडतो, शपथ घेतो आणि संध्याकाळी मोडतो. आपण म्हणतो, खोटारडा आहे. मला तसे वाटत नाही. अंगात मात्रा असताना घेतलेली शपथ त्या घटकेला खरीच असते. भरल्या पोटी उपवासाचा संकल्प सोपाच वाटतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ब्यूप्रेनॉर्फिनवर उपचार घेणाऱ्यांना विचारले की, पाच दिवसांनी मिळणाऱ्या जादा मात्रेची किंमत तुम्हाला किती वाटते? आजची मात्रा घेण्यापूर्वी ज्यांना विचारले त्यांनी ती जास्त सांगितली, घेतल्यानंतर ज्यांना विचारले त्यांनी कमी. प्रश्न पाच दिवसांनंतरचा, उत्तर मात्र त्या क्षणाच्या अंगस्थितीचे. आणि 'टर्की' लागली, अंग मोडून आले, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागले, जुलाब सुरू झाले की सुखाची गोष्टच उरत नाही. ती अवस्था थांबावी एवढेच त्याला हवे असते. अशा वेळी उपदेश करू नये, डॉक्टरकडे न्यावे.

ब्यूप्रेनॉर्फिनविषयी 'एक नशा सोडवून दुसरी लावली' अशी टीका होते. ती मला अन्यायाची वाटते. रोजची टर्की टळली तरच माणसाला नऊ दिवसांपलीकडे पाहण्याची उसंत मिळते.

जागेचाही विचार करा. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांची पाहणी केली. तिकडे व्यसनात अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले सुमारे 5 टक्केच निघाले. ज्या वस्तीत, ज्या सोबत्यांत ते चालले होते, ते सारे मागे राहिले होते. आपला मुलगा मात्र केंद्रातून थेट त्याच गल्लीत, त्याच कोपऱ्यावर परत येतो. तेथे पाय ठेवताच ओढ लागते. म्हणून निदान पहिले काही महिने त्याने राहायचे कोठे, कामावर जायचे कोणत्या रस्त्याने आणि पगार घरी कोणाच्या हातात द्यायचा, हे त्याचे मन शांत असताना, त्याच्या संमतीने ठरवून घ्यावे.

घरच्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काही आठवडे नशा सुटली की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वीची नेहमीची मात्राच श्वास बंद पाडू शकते. नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर माणूस वाचतो. तेव्हा पुन्हा घेतली असे कळले तर अब्रूच्या भीतीने दार लावून बसू नका. तो जागा होत नसेल, श्वास मंद असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. उपचार कोठे मिळतील हे विचारण्यासाठी 14446 हा सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी तो आत्ताच वहीत लिहून घ्यावा.