कर्जाचा हिशेब मांडतो, तसा मनाचाही मांडू

(सिंदेवाही येथील बैठकीत केलेले भाषण)



सिंदेवाही हा धानाचा मुलूख. आज वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपन्याकडचे पऱ्हाटी आणि ज्वारीवालेही इथे बसले आहेत. बांधीत पाणी नाही म्हणून धानवाल्याला झोप नाही, फुटल्या बोंडावर पाऊस आला म्हणून कापूसवाल्याला झोप नाही. पीक वेगळे, रात्र तीच. आज आम्ही त्या रात्रीबद्दल बोलणार आहोत.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवले. त्यानंतरची मोजदाद थांबलेली नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केली. त्यातली ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातली. देशाच्या आकड्यात निम्म्याहून जास्त शेतमजूर होते. म्हणजे हा प्रश्न फक्त सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचा नाही.

कुणी म्हणेल, मालाला भाव द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. मनाच्या डॉक्टरची गोष्ट म्हणजे सरकारची पळवाट. भावांनो, भावाची लढाई सोडा असे आम्ही म्हणतच नाही. पण गावात हिवताप आला की डबकी बुजवायची, आणि तापाने फणफणलेल्याला गोळीही द्यायची. डबके बुजेपर्यंत गोळी थांबवा, असे कुणी म्हणत नाही. भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे ना? लढायला तरी माणूस लागतो.

मन खचते ते काही एका दिवसात नाही. मृगात पेरले, पावसाने दडी मारली, दुबार पेरणी आली. श्रावणात कृषी केंद्राची उधारी चढली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी खाल्ली तसे एखादे साल येते. दिवाळीला घरात कापूस आहे, पण भाव नाही. मार्चमध्ये वसुलीचा माणूस दारात. मध्येच पोरीचे लग्न, म्हाताऱ्याचे दवाखाने. जंगलकाठच्यांना त्यावर जनावराचे भय. १० मे २०२५ ला याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पोटासाठी पुन्हा त्याच जंगलात जावे लागते. त्या छातीतल्या धडधडीची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात लिहिलेली नसते.

बैल चारा सोडतो तेव्हा आपण त्याच दिवशी ओळखतो. माणसाचेही तसेच ओळखावे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही. वावराकडे पाय वळत नाही. पारावर येणे बंद. लहानसहान गोष्टीवरून बायकोलेकरांवर चिडणे. पिणे वाढणे. ‘माझ्यामागे तुमचे बरे होईल’ असले बोलणे. ही नाटके नाहीत, करणी नाही, भित्रेपणाही नाही. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे.

मग करायचे काय?

पहिले, कर्जाचा खरा आकडा घरात सांगा. बँकेचे किती, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, एका कागदावर लिहा आणि घरधनिणीपुढे ठेवा. ती निंदायला, वेचायला चालते, मग हिशेबाला का चालत नाही? धनी गेल्यावर तो सगळा आकडा तिच्याच पदरात पडतो. आणि मायबहिणींनो, तुमचे मन खचते तेव्हा तुम्हीही ‘अंग दुखते’ म्हणून गप्प बसू नका.

दुसरे, शेजारी गप्प झाला असेल तर जाऊन बसा. उपदेश नको. ‘जीव द्यायचे मनात येते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझे उतरते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका.

तिसरे, फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका. कुलपात, दूर ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेत १९९५ पासून अति जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली. वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण जवळपास सत्तर टक्क्यांनी उतरले, आणि पीक काही घटले नाही. वाईट घटका टळली की माणूस वाचतो, हा त्याचा अर्थ.

चौथे, दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. कायदा राहो न राहो, दारूने झोप येते हा भ्रम आहे. सकाळी दुःख तेवढेच असते, खिसा मात्र रिकामा होतो.

पाचवे, मदत घ्या. १४४१६ या सरकारी फोनवर रात्री-बेरात्री केव्हाही मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. आशाताईला सांगा, जिल्हा रुग्णालयात जा. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. पोलीस केसच्या भीतीने कुणी लपवू नये. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मोठ्या तणावात आहे असेच धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

हे खेड्यात जमते का? अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचे काम झाले. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना ऐकून घ्यायला आणि धीर द्यायला शिकवले, जास्त आजारी माणसाला डॉक्टरपर्यंत पोचवले. २०१७ साली त्याचा अहवाल छापून आला. या आजाराच्या शंभर माणसांमागे आधी चार जण मदत घेत होते, नंतर सत्तावीस घेऊ लागले. गाव तेच, नापिकी तीच. विचारणारे माणूस तेवढे वाढले.

म्हणून या बैठकीपुढे आमची एक मागणी आहे. प्रत्येक गावातून एक बाई आणि एक गडी, अशी दोन नावे आजच लिहून द्या. त्यांनी दर आठवड्याला गप्प झालेल्या घरी जाऊन बसायचे, एवढेच काम. वसुलीची नोटीस आली त्या घरी आधी जायचे. पुढच्या बैठकीत भावाच्या ठरावाआधी या दोघांकडून गावाची खबर घेऊ. कागद फिरतो आहे, नावे घाला.