गाडीतला वाऱ्याचा आवाज, आणि पप्पांचं ‘हं’

आजचा भाग कोडिंगवर नाही, गाडीवर आहे. पण ऐकताना तुम्हाला वाटेल की हा माणूस शेवटी डिबगिंगवरच बोलतोय. तसं असेलही. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा मजकूर, बोललो तसाच, थोडा नीट करून.

माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक आहे. सेकंडहँड घेतली. मी पुण्यात असतो, घर इचलकरंजीला. महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. कात्रज सोडलं की सातारा, कराड, मग वाठारला हायवे सोडून हातकणंगल्यामार्गे घरी. साडेचार-पाच तास. गाडी चालते छान, पण ऐंशीच्या पुढे गेली की आत वाऱ्याचा आवाज सुरू. शंभरला तर गाणी बंदच करावी लागतात.

आता ऐका, हे प्रकरण माझ्यासाठी गंभीर कधी झालं. गेल्या दिवाळीनंतर मी पप्पांना पुण्याला आणत होतो. पप्पा पुढे माझ्या शेजारी, आई मागे. आमचे आठ यंत्रमाग आहेत. वय झालं, कामगार मिळत नाहीत, म्हणून सातारा जाताना मी विषय काढला. “पप्पा, माग विकून टाकूया का? तुम्ही दोघं पुण्याला या.” पप्पा समोर बघत म्हणाले, “हं.” मी अजून दोन-तीन गोष्टी बोललो. प्रत्येकाला “हं.” मला वाटलं, झालं, तयार आहेत. पुढच्या आठवड्यात मी भंगारवाल्याला घरी पाठवला. तो मागांची मापं घ्यायला लागला तेव्हा पप्पांचा फोन आला. “मला न विचारता कुणाला पाठवलास रं?”

मी म्हटलं, विचारलं की गाडीत. ते म्हणाले, “कधी?”

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी आईनं सांगितलं, “अरे, त्यांना गाडीत काही ऐकू येत नाही. किती वेळा ‘काय, काय’ करायचं म्हणून ‘हं’ म्हणतात.”

पप्पांनी पस्तीस वर्षं मागावर काढली. धोट्याचा माग ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज असतो, आणि कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० ही मर्यादा धरलेली आहे. इतकी वर्षं तिथं उभं राहिल्यावर कानाचं जे व्हायचं ते होतं. अशा आवाजानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती जाते. पप्पांच्या तपासणीच्या आलेखात तिथं चक्क खड्डा दिसतो.

याचा बोलण्याशी संबंध काय? आपल्या बोलण्यात स्वरांची ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत असते. स, श, च, त, क ही व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या फ्रिक्वेन्सीतून, साधारण २००० हर्ट्झच्या पुढे. म्हणजे सात, हात, पाच, काच. स्वर एकच, ‘आ’. पप्पांना ‘आ’ ऐकू येतो, पुढचं-मागचं अंदाजानं घ्यावं लागतं. घरात ओठ बघून जमतं. गाडीत मी समोर बघतोय, ते समोर बघतायत. त्यात भर वाऱ्याची.

मग मी काय केलं? इंजिनिअर आहे ना, पैसे खर्च केले. एका दुकानात जाऊन चारही दारांना डॅम्पिंग शीट बसवून घेतलं. अठरा हजार. दार लावलं की ‘धप्प’ असा महागड्या गाडीसारखा आवाज. मी खूश. पुढच्या ट्रिपला शिरवळच्या पुढे स्पीड घेतला, आणि शिट्टी जशीच्या तशी.

दुकानवाल्यानं फसवलं नव्हतं. चूक माझी होती. डॅम्पिंग शीट म्हणजे ब्युटाइल रबर आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल. पत्र्याचं थरथरणं कमी करणं हे त्याचं काम. खडखड, घरघर, स्पीकरचा दणका यांना ते चांगलं. पण हवा ज्या फटीतून आत येते, तिथं त्याचा काही उपयोग नाही. घराच्या भिंती जाड केल्या आणि खिडकी उघडी ठेवली, तसं.

यातलं गणित सोपं आहे. समजा एखाद्या दाराच्या फक्त १ टक्का क्षेत्रफळाएवढी फट आहे. बाकीचं दार कितीही भारी करा, त्या दाराकडून तुम्हाला २० डेसिबलपेक्षा जास्त अडवणूक मिळणारच नाही. फट आहे तोवर पत्र्यावरचा पैसा वाया.

तर मी पहिल्यापासून सुरुवात केली, बग शोधतो तशी. पहिला प्रश्न, आवाज कुणाचा? गाडीत मुख्य तीन असतात. इंजिनाचा आवाज गिअर बदलला की बदलतो. त्याच स्पीडला चौथा आणि पाचवा टाकून बघा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात की लगेच कळतं. वाऱ्याचा आवाज स्पीडबरोबर वाढतो आणि बाजूनं वारा आला किंवा शेजारून ट्रक गेला की त्याचा सूर हलतो. माझा सूर ट्रकजवळ हलत होता. म्हणजे वारा.

दुसरा प्रश्न, आवाज कुठून? आणि इथं मी मूर्ख ठरलो. मी सगळे दिवस ड्रायव्हरच्या सीटवरून ऐकत होतो. ऑफिसमध्ये कुणी बग सांगितला आणि आपण “माझ्या मशीनवर तर चालतंय” म्हटलं, तसंच हे. तक्रार ज्याची, त्याच्या जागी बसून बघायला नको का? एका रविवारी मित्राला गाडी चालवायला दिली आणि मी डावीकडे, पप्पांच्या सीटवर बसलो.

(इथं मी वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. वाचणाऱ्यांसाठी सांगतो: कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी वाफ सुटते ना, तसा सततचा ‘स्स्स’ आवाज.)

उजवीकडे जे साधं घोंघावणं वाटत होतं, ते डावीकडे अगदी कानाजवळ. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून. पप्पा चार-पाच तास त्या ‘स्स्स’जवळ डावा कान लावून बसत होते. आणि हा आवाज नेमका त्याच पट्ट्यातला, जिथं व्यंजनं असतात. उरलंसुरलं ऐकू येणारं तेही झाकलं जात होतं.

आता तुम्हाला करून बघायचं असेल तर पद्धत सांगतो. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

पहिली, कागदाची. एक कागदाची पट्टी दाराच्या रबरावर ठेवा, दार लावा, पट्टी ओढा. सगळीकडे सारखी घट्ट यायला हवी. माझ्या डाव्या दारात खाली घट्ट, मागच्या वरच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर.

दुसरी, टेपची. रंगारी वापरतात ती मास्किंग टेप. माणूस आत बसल्यावर दाराची फट, आरशाचा बुडखा, काचेवरचे डोअर व्हायजर, सगळं बाहेरून बंद करा. आत बसलेल्याला दुसऱ्या दारानं उतरता येईल एवढं बघा. मग तोच रस्ता, तोच स्पीड. आवाज गेला? आता एकेक ठिकाणची टेप काढत परत फिरा. ज्या टेपनंतर आवाज परत येतो, तिथं तुमचा बग. माझ्याकडे दोन निघाले. मोठा दाराच्या वरच्या कोपऱ्यात. छोटा आधीच्या मालकानं लावलेल्या डोअर व्हायजरमध्ये. पावसात काच थोडी उघडी ठेवायला ते बरं, पण त्याची एक कड सुटली होती.

तिसरी, मोबाईलची. डेसिबल मोजणारं अॅप चालेल. मोबाईल काही मोजमापाचं प्रमाणित यंत्र नाही, पण आधी आणि नंतर अशी तुलना करायला पुरतो. गाडी चालवणाऱ्यानं मोबाईलला हात लावायचा नाही, दुसऱ्यानं बघायचं.

गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दार दोनदा उघडलं-लावलं आणि म्हणाले, “या दाराचं कधीतरी काम झालंय.” पेंट केलेला, आणि दार परत बसवताना थोडं बाहेर राहिलेलं. रबर त्या कोपऱ्यात चेपून सपाट झालं होतं. त्यांनी तीन गोष्टी केल्या. दाराचं बीडिंग रबर नवीन टाकलं. खांबावर जो लोखंडी हूक असतो, ज्यात दाराचं लॉक अडकतं, त्याची जागा आधी मार्करनं आखली आणि स्क्रू सैल करून तो जेमतेम दीड मिलिमीटर आत घेतला. आणि डावं व्हायजर काढून टाकलं. रबर, मजुरी धरून चौदाशे रुपये.

एक सूचना. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती पावसाचं पाणी बाहेर जायला. आवाज जाईल म्हणून ती बुजवू नका, दार आतून गंजेल.

आता आकडे. ऐंशीच्या स्पीडला डाव्या सीटवर आधी ७० डेसिबल, नंतर ६८. फक्त दोन! मी निराश झालो. पण आवाजाचा आलेख दाखवणारं अॅप उघडलं तेव्हा कळलं. टायरची खालची घरघर तशीच होती. गेला होता तो २००० ते ५००० हर्ट्झमधला उंचवटा. एकूण आकड्याला त्याचं फारसं काही नव्हतं. पप्पांसाठी तोच सगळा होता.

फुकटचा उपायही आहे. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घातानं वाढतो. म्हणजे शंभरवरून ऐंशीवर आलात की वाऱ्याचा आवाज सहाएक डेसिबलनं उतरतो. पोचायला थोडा उशीर, पण बोलता येतं.

त्यानंतरच्या ट्रिपला मी ऐंशीनं चाललो होतो. कराडच्या अलीकडे परत विचारलं, मागांचं काय करायचं? यावेळी “हं” नाही आलं. पप्पा म्हणाले, “चार वीक. चार राहू देत. नुसतं बसून मी काय करू तिथं?” मग खंबाटकी घाट येईपर्यंत आमचं भांडण चाललं. खरंखुरं, दोन्ही बाजूंचं भांडण. मागून आई म्हणाली, “आधीचं बरं होतं.”

चार माग विकले. चार चालू आहेत. पप्पा आता शेडमध्ये कानावर मफ लावतात, आणि श्रवणयंत्राची चाचणी झाली आहे. गाडी दुरुस्त करून कान दुरुस्त होत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुमच्या गाडीत कुणी सारखं “हं” म्हणत असेल, तर आधी त्यांच्या सीटवर बसून एक फेरी मारून या. शीट-बिट नंतर.

तुमच्या गाडीत शिट्टी कुठं सापडली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हळू चालवा.