खिडकीतल्या बरण्या
(हीरक महोत्सवातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी ज्येष्ठांना प्रयोगशाळेतील फॉर्मॅलिनच्या बरण्या आठवत असतील. बेडूक, साप, विंचू. सारे फिकटलेले, निश्चल. त्या अजूनही कपाटात आहेत. परंतु काल ज्यांनी प्रयोगशाळा पाहिली, त्यांना खिडकीपाशी तोंडाला मलमल बांधलेल्या आणखी काही बरण्या दिसल्या, आणि एका पालकांनी मला विचारले, "बाई, शाळेत अळ्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. दहावीच्या गुणांची काळजी वाहणाऱ्या पालकाने तो विचारायलाच हवा.

इंदुरात मराठी घराच्या अंगणात कढीपत्ता नाही, असे क्वचितच घडते. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबू फुलपाखरू खसखशीएवढी अंडी घालते. अशी पाने सातवीची मुले घेऊन येतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पाठ्यपुस्तकात अंडे, अळी, कोष, फुलपाखरू अशी चार चित्रे आणि चार बाण असतात. वास नसतो.

गेल्या पावसाळ्यात एका कोषातून फुलपाखरू आलेच नाही. कोषाला बारीक छिद्र पडले आणि त्यातून चिमुकल्या गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडल्या. काही मुली रडल्या. अळीने नुकताच कोष केलेला असतो, तो मऊ असतानाच ही माशी त्यात आपली अंडी घालते, आणि तिची पिल्ले आतला जीव खाऊन वाढतात, असे शिक्षिकेने सांगितले. तेव्हा एकाने विचारले, "म्हणजे या माश्या दुष्ट का?" त्यावर शिक्षिका म्हणाल्या, "लिंबाची बाग असलेल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून या." शेतकऱ्याच्या दृष्टीने पाने फस्त करणारी अळीच शत्रू! तो सबंध तास यातच गेला. याने परीक्षेतील गुण वाढतात, असा दावा मी करणार नाही.

हे नवे खूळही नव्हे. आपल्याच मध्यप्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झालेल्या उपक्रमाने मुलांना विज्ञान शिकण्यासाठी वर्गाबाहेर नेले होते. २००२ साली तो बंद झाला.

आणखी एक लाभ आहे, तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेलाच उमजेल. 'रुई' म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे कापूस येतो, कारण बाजारातल्या हिंदीत रुई म्हणजे कापूस. ज्या झाडाच्या पानांची माळ आजी शनिवारी मारुतीला घालते, ते झाड त्यांना 'आक' म्हणून ठाऊक. रुईची फांदी वर्गात आली, तिच्यावर पट्टेरी अळ्या सापडल्या, आणि आजीचा शब्द मुलांच्या वहीत उतरला. (रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये, म्हणून ती फांदी केवळ शिक्षिकाच हाताळतात.)

पथ्ये आम्ही कसोशीने पाळतो. पोपट, कासव, साप यांना वर्गात स्थान नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट घरी पाळणेही गुन्हा आहे, हे कित्येक घरांना अजून माहीत नाही. बेडकाची पिल्ले ज्या डबक्यातून आणली, त्याच डबक्यात आठवड्याच्या आत परत जातात. रविवारी बरण्यांना ताजी पाने कोण घालणार, याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते आणि ती मुलांनीच ठरवलेली असते.

आता थोडे मागणे. नव्या इमारतीच्या आराखड्यात प्रयोगशाळेमागची मोकळी पट्टी वाहनतळासाठी दाखवली आहे. तिथेच कढीपत्ता, दोन लिंबे आणि कुंपणालगत रुई आहे. कार्यकारिणीपुढे मी लेखी विनंती ठेवली आहे. वाहने मैदानाच्या पूर्वेकडील फाटकापाशी उभी करता येतील. त्यासाठी पालकांना शंभरएक पावले अधिक चालावे लागेल. आपली संमती असल्यास निघताना दाराजवळच्या वहीत आपण सही करावी, ही विनंती.