सिंगापूर : आपल्या खिशाला परवडेल असे



परदेश म्हटले की उरल्यातील कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांना धडकी भरते. पण नीट आखणी केली तर सिंगापूर आवाक्यात येते, एवढेच मला सांगायचे आहे.

रायपूरहून कोलकाता किंवा चेन्नई गाठावे. तेथून थेट विमाने आहेत. शाळांच्या सुट्ट्या टाळून तिकीट लवकर काढावे. व्हिसा अधिकृत एजंटमार्फतच काढावा. त्याचे सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमन-पत्र ऑनलाइन भरावे. ते विनामूल्य आहे, कुणाला पैसे देऊ नका.

फिरायला मेट्रो आणि बस, जेवायला हॉकर सेंटर. लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये डोसाही मिळतो. नळाचे पाणी बिनधास्त प्यावे. मर्लायन आणि सुपरट्रीची रोषणाई फुकट पाहता येते. तंबाखू-गुटखा मात्र घरीच ठेवा, तिथे त्याला बंदी आहे.

शेवटी एकच विनंती. कर्ज काढून जाऊ नका. दोन वर्षे भिशी लावा, पण आई-वडिलांनाही सोबत न्या. ज्यांची उमेद भट्टीच्या धगीत गेली, त्यांनाही समुद्र ओलांडू द्या.

गणपती बाप्पा मोरया!