मुलांसाठी रमतगमत चौदा मैल

(वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त परिचारिका भगिनींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं की इंग्लंडमधल्या नोकरीतले अनुभव सांगा. पण रात्रपाळ्यांच्या गोष्टी ऐकून तुम्हाला झोप येईल. म्हणून मी सायकलबद्दल बोलणार आहे. माझा थोरला भाऊ पहिल्या रांगेत बसला आहे. गोष्ट बरीचशी त्याचीच आहे, त्यामुळे जपून बोलते. कुठे चुकले तर तो उभा राहून सांगेल, त्याला कोणी थांबवू नका.

दादा तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला. ताप गेला, पण डावा पायही घेऊन गेला. तेव्हा पोलिओची लस जगात कुठेच नव्हती. डाव्या गुडघ्यावर हाताचा तळवा दाबून तो चालायचा, अजूनही तसाच चालतो. शाळा दोन मैलांवर होती. चालत गेला की पहिला तास बुडायचा. मग त्याने एक युक्ती काढली. गावात तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने उजवा पाय पायडलला बांधला. त्याच पायाने दाबायचं आणि त्याच पायाने वर ओढायचं. डावा पाय नुसता लोंबता. उतरायचं झालं की पुलाचा कठडा किंवा झाड बघून त्याला टेकायचं. मला सायकल त्यानेच शिकवली, नळीखालून पाय घालून, हाफ पायडल. मी पडले की तो कठड्याला टेकून हसायचा. मला उचलायला यायचं तर त्याला आधी पट्टी सोडावी लागे!

पुढे मी नर्सिंग केलं आणि नोकरीसाठी इंग्लंडला गेले. दक्षिणेकडे ससेक्स म्हणून प्रांत आहे, तिथे राहिले. एका उन्हाळ्यात वॉर्डातल्या सहकारी म्हणाल्या, आपण मुलांच्या एका संस्थेसाठी सायकल फेरी काढू या, तू येशील का? मी म्हटलं, माझं वय बघा. त्या म्हणाल्या, शर्यत नाही, रमतगमत जायचं आहे, मध्ये दोनदा चहा आहे. चहाचं नाव निघाल्यावर मी हो म्हटलं.

ती वाट कुठली ते सांगते, कारण त्यातून आपल्याला काही घेण्यासारखं आहे. हीथफील्ड नावाचं गाव उंचावर आहे. तिथून खाली पोलगेटपर्यंत पूर्वी रेल्वे होती. लोक तिला कोकिळा लाइन म्हणायचे. त्या भागात अशी समजूत आहे की एप्रिलमध्ये हीथफील्डच्या जत्रेत एक म्हातारी टोपलीतून कोकिळेला सोडते आणि मग वसंत सुरू होतो. आपल्याकडे पावशा ओरडला की पेरणीची आठवण होते, तसंच ते. १९६० च्या दशकात ती रेल्वे बंद पडली, रूळ उचलले, आणि पुढे त्याच मार्गावर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट केली. समुद्राच्या बाजूला ईस्टबोर्नच्या हद्दीपर्यंत ती सुमारे १४ मैल, म्हणजे २२ किलोमीटर जाते. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून वाटेला उतार आहे तोही सौम्य. बहुतेक वाट मोटारींपासून वेगळी, दोन्ही बाजूंना झाडी. त्यामुळे आठ वर्षांचं मूल आणि सत्तरीची आजी एकाच फेरीत येऊ शकतात. असा रस्ता निवडला तिथेच निम्मं काम झालं होतं.

आता पैसे कसे जमतात ते सांगते. प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्यावर आपण ओळखीच्यांची नावं घ्यायची. कोणी मैलामागे काही पेन्स लिहितो, कोणी एकरकमी पाच पौंड लिहितो. फेरी पूर्ण झाली की जाऊन पैसे गोळा करायचे. देणारा तिथे आयकर भरत असेल आणि त्याने कागदावर तशी खूण केली, तर प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला सरकारकडून मिळतात. सायकल कितीही जोरात मारा, एक पेनीसुद्धा वाढत नाही. पैसे वाढतात ते नावं वाढली की. म्हणजे खरी मेहनत फेरीच्या आधीच्या महिन्यात असते, लोकांची दारं वाजवण्यात.

इथे माझ्या हातून चूक झाली. मला वाटलं, लोकांच्या मनाला भिडेल असं काही कागदाबरोबर द्यावं. दादाचा लहानपणीचा एक फोटो होता, अर्ध्या चड्डीतला, पाय दिसणारा. मी त्याच्या प्रती काढल्या आणि वाटल्या. चांगली नावं आली. मी आनंदाने दादाला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "माझा पाय दाखवून पैसे मागितलेस होय? मला विचारलं असतंस तर सायकलवरचा फोटो दिला असता."

मी परिचारिका. रुग्णाची चादर सरकली तर आधी ती नीट करायची, हे मी शिकाऊ मुलींना शिकवत होते. आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत ते विसरले. ज्यांना ज्यांना तो फोटो दिला होता त्यांच्याकडे जाऊन मी परत मागून घेतला. लाज वाटली. पण गंमत अशी की परत मागताना मला खरी गोष्ट सांगावी लागली. ट्यूबची पट्टी, पुलाचा कठडा, बुडणारा पहिला तास. एकानेही कागदावरचं नाव खोडलं नाही. काहींनी आकडा वाढवला. काहींनी आपल्या घरातलं सांगितलं. एकीचं मूल फार आधी जन्मलं होतं आणि काही आठवडे काचेच्या पेटीत होतं. तिच्या शेजारी मी दोन वर्षं काम करत होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

ज्या संस्थेसाठी फेरी होती तिचं नाव ॲक्शन मेडिकल रिसर्च. मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाला ती पैसे पुरवते. तिचा इतिहास मी फेरीच्या आदल्या रात्री वाचला. १९५२ साली डंकन गथ्री नावाच्या गृहस्थांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला होता. बाप डॉक्टर नव्हता. त्याला एवढंच वाटलं की या रोगावर संशोधन झालं पाहिजे, आणि त्यासाठी पैसे जमवायला तो लोकांकडे गेला. ब्रिटनमध्ये पोलिओची लस द्यायला १९५६ मध्ये सुरुवात झाली, आणि पहिल्या लसींच्या कामाला या संस्थेचा हातभार होता. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. दादा आणि ती इंग्रज मुलगी एकाच काळातली. दोघांनाही लस उशिरा आली. त्यांच्या मागून आलेल्यांना ती वेळेवर मिळाली, आणि त्यामागे कुठेतरी लोकांनी दिलेली चिल्लरही होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

फेरीत मी सगळ्यांत शेवटी होते. हेलिंग्लीच्या आसपास साखळी उतरली, बोटं काळी झाली. पण माझ्याबरोबर एक बाई मुद्दाम मागे थांबल्या होत्या. शेवटच्या माणसाच्या मागे एक स्वयंसेवक ठेवायचाच, असा त्यांचा नियम. हा नियम मला फार आवडला.

आता आपल्याकडे येते. मंडळी, मी कमिटीला एक विनंती केली आहे. आपणही आदिवासी मुलांच्या वसतिगृहासाठी अशी एक फेरी काढावी. आपल्याकडे बंद पडलेली रेल्वे नाही, पण प्रवरेचा पाट आहे. पाणी चढावर जात नाही, म्हणून पाटाकडेचा रस्ता जवळजवळ सपाट असतो. आपल्या उन्हाळ्याची आणि तिकडच्या उन्हाळ्याची बरोबरी करू नका. एप्रिलमध्ये काढायची तर पहाटे साडेपाचला निघायचं आणि आठच्या आत सावलीत यायचं. अंतर १२ ते १५ किलोमीटर, त्याहून जास्त नाही. दर तीन-चार किलोमीटरवर पाणी आणि मीठ-साखरेचं सरबत. पोलीस ठाण्याला आधी कळवायचं. लहान मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवंच. आणि शेवटच्या सायकलमागे एक माणूस.

हिशेबाबद्दल तीन गोष्टी. पहिली, नाश्ता ज्याने त्याने घरून आणावा. टोप्या, बॅनर, स्टेज यांवर पैसा जाऊ लागला तर तो मुलांच्या ताटातून जातो. पाण्याचा आणि औषधपेटीचा खर्च सहभागी होणाऱ्यांच्या प्रवेश शुल्कातून भागवावा, देणगीला हात लावू नये. दुसरी, पावती त्याच दिवशी. ज्यांना देणगीवर करसवलत हवी आहे त्यांनी लक्षात ठेवावं, दोन हजार रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, ती चेकने किंवा बँकेतून द्यावी. तिसरी, संपूर्ण जमाखर्च याच अंकात छापावा, चुकलेला रुपयासुद्धा.

आणि एक गोष्ट वसतिगृहातल्या मुलांबद्दल. त्यांना फेरीच्या कडेला रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका. ज्यांना सायकल येते त्यांना आपल्याबरोबर सायकलवर घ्या. पाड्यावरची मुलं चढावर आपल्याला मागे टाकतील, बघा. फोटो काढायचा तर मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. पैसे कशासाठी लागतात तेही अधीक्षकांना आणि मोठ्या मुलामुलींना विचारून ठरवा. आपण गाद्या आणू आणि त्यांना हवी असेल कंदिलाऐवजी अभ्यासाला धड दिव्याची सोय.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, सरळ पाकिटात घालून देऊ. जरूर द्या. पाकीट कोणी परत करणार नाही. पण पाकीट देताना आपण कोणाशी बोलत नाही. कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहिलं की त्याला सांगावं लागतं, मूल कोण, पाडा कुठे, शाळा किती लांब. आणि सांगता यावं म्हणून आधी आपल्याला ते माहीत करून घ्यावं लागतं. आपल्यापैकी किती जणांना वसतिगृहातल्या एका तरी मुलाचं नाव ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही. मलाही मागच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

कागद दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. टेबलावर दादा बसणार आहे. माझ्या कागदावर पहिलं नाव त्याने लिहिलं आहे, किलोमीटरला अकरा रुपये. खाली एक अट घातली आहे, की मी मध्ये उतरून चालत गेले तर तेवढं अंतर वजा होईल. कठड्याला टेकलं तर चालेल, असं मात्र त्याने मान्य केलं आहे.