चीवराचा पूर्वीचा धनी
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपल्या घरांतून देव्हारे निघाले आणि त्या जागी भगवान बुद्धाची तसबीर लागली. धम्मचक्र व त्याच्या दोन्ही अंगांस बसलेली हरणे हे चित्रही आपल्या परिचयाचे आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्यातील मूर्तीच्या आसनावर, हेच चक्र व हीच हरणे कोरलेली आहेत. सारनाथच्या मृगदावात पहिले प्रवचन झाले, त्याची ती खूण होय. हे आपण मुलांना सांगतो. परंतु तसबिरीतील त्या महापुरुषाच्या अंगावरील चीवर कोठून आले, हे फारसे कोणी सांगत नाही.

अश्वघोषाने 'बुद्धचरित' काव्यात म्हटले आहे की, गृहत्याग केलेल्या सिद्धार्थाला रानात एक पारधी भेटला. हरणांचा विश्वास बसावा म्हणून त्याने काषाय वस्त्र पांघरले होते. सिद्धार्थाने आपले राजवस्त्र त्याला दिले व त्याचे काषाय आपण घेतले. कवी त्या पारध्याला वेश पालटलेला देव ठरवितो. देवाची गोष्ट आपणांस मान्य होण्यासारखी नाही, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथात गृहत्यागाचा वृत्तान्तही निराळा आहे. तथापि पारध्याच्या अंगावरचे वस्त्र बुद्धाच्या अंगावर घालताना त्या प्राचीन बौद्ध कवीला विटाळ वाटला नाही, हे मला मोलाचे वाटते.

आता आपल्या माळाकडे पाहा. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. तेथे चिंकारा निर्भयपणे चरतो. शिकारीला कायद्याची बंदी १९७२ पासूनच आहे. हरीण वाचले हे योग्यच झाले, धम्माला ते धरूनच आहे. परंतु ज्याच्या हातून फासा काढून घेतला, त्या फासेपारध्याच्या हाती काय दिले? हरणाला हक्काचे रान मिळाले. पारध्याचे पाल मात्र आजही कित्येक ठिकाणी दुसऱ्याच्या बांधावर उभे आहे, आणि गावात चोरी झाली की बोट प्रथम तिकडेच वळते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. हजेरी द्यावी, परवान्यावाचून हलू नये, असा तो जाच. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे या लोकांचे स्वातंत्र्य पाच वर्षे सोळा दिवस उशिरा आले. आणि ते तरी पुरते आले काय? जून १९९८ मध्ये याच बारामतीत एका पारधी तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. अशा जमातींवर पाळत ठेवून वर्दी देण्याचे काम त्या कायद्याने गावच्या पाटलावर व राखणदारावर टाकले होते. गावची राखण ही आपल्या वाडवडिलांच्या वतनातील चाकरी होती. जो स्वतः वेशीबाहेर राहत होता, त्यालाच त्याच्याहून पलीकडे राहणाऱ्याचा पहारेकरी केले. दोष पूर्वजांचा नव्हे. पण ते वतन गेले, तशी ती नजरही आपल्या डोळ्यांतून गेली आहे काय, हे ज्याचे त्याने तपासावे.

'उपरा'कार लक्ष्मण माने यांनी २००६ साली धम्म स्वीकारला, आणि २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे भटक्या-विमुक्तांतील हजारोंनी दीक्षा घेतली. पारध्याने दीक्षा घ्यावीच असे माझे म्हणणे नाही. तो त्याचा प्रश्न आहे. आपल्याला करण्यासारखे काम निराळे आहे. शाळा उघडण्यापूर्वी आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी पालावर जावे, जन्माच्या व जातीच्या दाखल्याचे अर्ज लिहून द्यावेत, तलाठ्याकडे व तहसील कचेरीत सोबत जावे. आणि रात्री पालावरून कोणाला उचलून नेल्याचे कळले, तर सकाळची वाट न पाहता दोघाचौघांनी ठाण्यावर जाऊन, त्याला कोणत्या गुन्ह्यासाठी आणले, हे विचारावे.